मंगळवार पेठेतील वाद्यदुरुस्तीचे दुकान: एका फिरत्या बेसवादकाचा अनुभव

गेल्या डिसेंबरात गडहिंग्लज तालुक्यातील एका यात्रेत कार्यक्रम ऐन रंगात आलेला असताना माझ्या बेस गिटारच्या, म्हणजे खर्जाचे सूर देणाऱ्या गिटारच्या, सर्वांत जाड तारेवरील पाचव्या पडद्याचा (दांडीवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्टीचा) आवाज बसला. तार दाबली की सुराऐवजी सैल पत्र्यासारखी खरखर येऊ लागली आणि उरलेला दीड तास मी तोच सूर शेजारच्या मोकळ्या तारेवर वाजवून वेळ निभावली. श्रोत्यांच्या ते लक्षात आले नसावे. गायिकेच्या मात्र आले, कारण ज्या आवाजावर ती आपला सूर टेकवते तो आवाजच पातळ झाला होता. त्यानंतर तिसऱ्या दिवशी मी कोल्हापुरात मंगळवार पेठेतील एका बोळात असलेल्या वाद्यदुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकानाला वेगळे नाव नाही. दारावरच्या पाटीवर ‘येथे सर्व प्रकारची वाद्ये दुरुस्त करून मिळतील’ एवढेच लिहिलेले आहे. तेथे झालेल्या कामाविषयी सविस्तर लिहावे असे मला मनापासून वाटले, कारण गावोगाव फिरून वाजवणाऱ्या आमच्यासारख्यांना विश्वासाने वाद्य सोपवता येईल अशी जागा या भागात शोधूनही सहसा सापडत नाही.

मी २००७ पासून बेस वाजवतो. सुरुवात ऑर्केस्ट्रात झाली आणि आजही वर्षातील बहुतेक रात्री ऑर्केस्ट्राच्याच असतात. दिवाळीनंतर लग्नसराई, मग चैत्र-वैशाखापर्यंत गावोगावच्या यात्रा, पावसाळ्यात थोडी उसंत आणि भाद्रपदात पुन्हा गणेशोत्सव, असे आमचे वर्ष असते. सुपारी ठरली की दुपारी टेम्पोत सामान चढवायचे, संध्याकाळी मांडवात जोडायचे, कार्यक्रम संपला की उतरवायचे आणि पहाटे घरी यायचे. त्याशिवाय मी गाणी लिहितो आणि त्यांना चाली लावतो. चार सोबत्यांबरोबर ती पुण्या-मुंबईच्या छोट्या सभागृहांत आणि कधी बेळगाव-पणजीला सादर करतो. बहुतेकांची गाणी पेटीवर किंवा गिटारीवर सुचतात, माझी बेसवर सुचतात. शब्द येण्याआधी खालचा ठेका येतो, आणि त्या ठेक्यात लहानपणी खासबागेत कुस्तीच्या वेळी ऐकलेली हलगी बऱ्याचदा डोकावते. माझ्या आजवरच्या गाण्यांपैकी निम्मी पेटीवरच्या पांढरी सहाच्या सुरात बांधलेली आहेत, आणि जाड तारेवरचा पाचवा पडदा म्हणजे नेमका तोच सूर. त्यामुळे तो एक पडदा गेला तेव्हा माझी निम्मी गाणी मुकी झाली असे म्हटले तर ते खोटे ठरणार नाही.

फिरत्या वादकाच्या वाद्याला जे सोसावे लागते ते घरात भिंतीला टांगलेल्या वाद्याला सोसावे लागत नाही, हे येथे सांगितले पाहिजे. एका रात्री गगनबावड्याहून घाट उतरून आम्ही कोकणात जातो, तेथे समुद्राकडची दमट हवा असते. दोन दिवसांनी जतकडे कार्यक्रम असतो, तेथे हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात. दमट हवेत लाकूड ओल धरून फुगते, कोरड्या हवेत आकसते आणि त्याबरोबर वाद्याच्या दांडीचा बाक बदलतो. बेसची तार घोडीपासून, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या खालच्या आधारापासून, वरच्या टोकापर्यंत ३४ इंच लांब असते आणि चारही तारांचा मिळून ताण पाऊणशे किलोच्या आसपास भरतो. हा ताण दांडीला सतत पुढे ओढत असतो आणि दांडीच्या पोटातून गेलेली पोलादी सळई तिला मागे धरून ठेवते. हा तोल थोडा जरी ढळला तरी तारा पडद्यांना घासू लागतात किंवा इतक्या उंच होतात की तीन तासांच्या कार्यक्रमात बोटे सोलवटून निघतात.

काही वर्षांपूर्वी अशीच खरखर सुरू झाली तेव्हा मी एका मोठ्या शहरातील दुकानात वाद्य दिले होते. तेथे कोणी मला वाजवायलाही सांगितले नाही. तारा उंच केल्या आणि वाद्य परत दिले. खरखर गेली खरी, पण तार दाबून पडद्यापर्यंत नेताना ती जास्त ताणली जाऊ लागली आणि दाबलेला प्रत्येक सूर किंचित चढा बोलू लागला. तो संपूर्ण मोसम मी गायकांची नाराजी सहन करीत काढला. म्हणून मंगळवार पेठेतल्या दुकानाची पायरी चढताना माझ्या मनात धाकधूक होती.

आत दहा बाय बारा फुटांची खोली असावी. एका बाजूला भाता उसवलेल्या पेट्या, भिंतीला दोन तंबोरे, कोपऱ्यात पुड्या उतरवलेल्या ढोलक्या आणि खिडकीखाली लाकडी बाक. दुकान चालवणाऱ्या कारागिरांना सगळे जण मामा म्हणतात, मीही तसेच म्हणतो. त्यांचे शिक्षण मिरजेत तंबोरे आणि सतारी घडवणाऱ्या कारखान्यात झाले. मिरजेत हे काम एकोणिसाव्या शतकापासून पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे, पंढरपूरकडच्या भोपळ्यांपासून तेथे वाद्ये घडतात आणि तेथील सतार व तंबोरा यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. त्या परंपरेत वाढल्यामुळे मामांची भाषा तीच आहे. फ्रेटला ते पडदा म्हणतात, ब्रिजला घोडी, नेकला दांडी, आणि तारा जिच्या खाचांतून जातात त्या वरच्या हाडाच्या पट्टीला तारगहन. त्यांच्याबरोबर दोन तास घालवल्यावर माझ्याही तोंडी हेच शब्द बसले आणि या लेखातही मी तेच वापरतो आहे.

मी वाद्य बाकावर ठेवून तक्रार सांगू लागलो, तर त्यांनी मला थांबवले.

“आधी वाजवून दाखवा. मग सांगा.”

मी स्टुलावर बसलो.

“बसून न्हाई, हुभं ऱ्हाऊन. स्टेजवर बसून वाजवता व्हय?”

मी पट्टा गळ्यात अडकवून उभा राहिलो. त्यांनी आधी हळू वाजवायला सांगितले, नंतर यात्रेत वाजवतो तेवढ्या जोराने. मग वाद्य कशालाही न जोडता, माझ्या जवळ येऊन गिटारच्या वरच्या शिंगाला, म्हणजे अंगाच्या पुढे आलेल्या टोकाला, त्यांनी कान टेकवला आणि मला पाचव्या पडद्यापासून नवव्यापर्यंत एकेक सूर वाजवायला लावला. मी विचारण्याआधीच ते म्हणाले की पाचवा आणि सातवा पडदा झिजून खाली बसले आहेत, त्यामुळे पाचवा दाबला की तार सहाव्याला घासते आणि सातवा दाबला की आठव्याला. तिसऱ्या पडद्यावर खरखर अजून सुरू झालेली नव्हती, पण ती उन्हाळ्यात सुरू होईल, असेही त्यांनी सांगितले. शिवाय दांडीला बाक थोडा जास्त आला आहे, तारगहनातील पातळ तारेची खाच अरुंद आहे आणि घोडीखाली काहीतरी सुटलेले आहे, इतके निदान दहा मिनिटांत झाले.

हे इतके अचूक कसे कळते, याचे उत्तर मला त्यांच्या मूळ विद्येत सापडले. तंबोऱ्याचा झंकार ज्यामुळे येतो ती जवारी म्हणजे दुसरेतिसरे काही नसून तारेचे घोडीच्या रुंद माथ्याला अगदी मोजून मापून घासणे आहे. घोडीचा माथा कानशीने केसाएवढा उतरवून, तारेखाली दोऱ्याचा जीवा सरकवून ते घासणे हवे तेवढेच आणायचे असते. जास्त झाले तर तंबोरा खरखरतो आणि कमी झाले तर मुका होतो. ज्या माणसाने आयुष्यभर हे घासणे जाणूनबुजून घडवले, त्याला नको त्या जागचे घासणे कानाने शोधणे सोपे जाते. बेसवर काम करणारे अनेक कारागीर मापाच्या पट्ट्या घेऊन येतात आणि शेवटी कानाने तपासतात. मामा कानाने ठरवतात आणि शेवटी पट्टीने पडताळतात. त्यांनी पहिला आणि शेवटचा पडदा दाबून धरायला सांगितला आणि सातव्या-आठव्या पडद्यापाशी तारेखालची फट मोजली. ती साधारण ०.३ मिलिमीटर, म्हणजे व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी असावी लागते. माझी जवळपास तिप्पट होती.

तीन पडदे बदलायचे आणि बाकीचे हलकेच समतल करायचे असे ठरले. सगळे पडदे सर्वांत झिजलेल्या पडद्याच्या पातळीवर घासून आणणे हा सोपा मार्ग होता आणि तो एका दिवसात झाला असता, परंतु त्यामुळे सगळ्याच पडद्यांचे आयुष्य घटले असते. मामांनी तो मार्ग नाकारला आणि त्यामागचे कारणही मला नीट समजावून सांगितले. अमेरिकेतील गिटारनिर्माते लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये आपल्या पहिल्या बेसचे नाव प्रिसिजन, म्हणजे नेमकेपणा, असे ठेवले ते या पडद्यांमुळेच. त्याआधीच्या उभ्या बेसला पडदे नसत आणि सूर बोटाच्या अंदाजावर लागे, पडदे आले आणि सूर नेमका लागू लागला. पडद्याचा माथा चपटा झाला की तार त्याच्या कोणत्या कडेला टेकते याचा भरवसा राहत नाही आणि तो नेमकेपणा जातो.

पडदे बदलण्याचे काम मी समोर बसून पाहिले. जुना पडदा त्यांनी आधी सोल्डरिंगच्या सळीने तापवला, म्हणजे लाकडाची पकड सैल होते आणि कपची उडत नाही, मग पकडीने एका टोकापासून अगदी सावकाश उचलत नेला. नवा पडदा खाचेत बसवताना हातोडीचे घाव दोन्ही टोकांना आधी आणि मध्ये नंतर पडत होते. त्यानंतर दांडीच्या लाकडावर चिकटपट्टी लावून फक्त पडदे उघडे ठेवले, प्रत्येक पडद्याचा माथा काळ्या मार्करने रंगवला आणि सरळ पट्टीला पॉलिश पेपर चिकटवून ती एकदाच वरून खाली फिरवली. नव्या तीन पडद्यांवरची शाई लगेच पुसली गेली, म्हणजे ते उंच होते; बाकीच्यांवर शाई तशीच होती. दुसऱ्या फेरीत नवव्याची थोडी पुसली गेली. शाई सगळीकडे सारखी पुसली जाईपर्यंत हे चालले आणि तेथे हात थांबला. मग खोबण असलेल्या कानशीने चपटे झालेले माथे पुन्हा गोल केले. माझ्या हातातील चहा तोवर गार झाला होता.

तारांच्या बाबतीत आमचे थोडे मतभेद झाले. मी तारा फार क्वचित बदलतो, कारण जुन्या तारेचा बोथट, गोल आवाज मला आवडतो. अमेरिकेतील मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचे बेसवादक जेम्स जेमरसन तुटल्याशिवाय तारा बदलत नसत हे प्रसिद्ध आहे आणि त्यांचा दाखला मी मामांना दिला. त्यांनी माझ्या जाड तारेच्या खालच्या बाजूवरून नख फिरवायला सांगितले. पडद्यांच्या जागी तारेला खड्डे पडलेले स्पष्ट जाणवले. जेमरसन यांच्या तारा चपट्या वेटोळ्याच्या, म्हणजे वरून चपटी पट्टी गुंडाळलेल्या होत्या, माझ्या गोल वेटोळ्याच्या, म्हणजे गोल तार गुंडाळलेल्या आहेत. गोल वेटोळे पडद्यालाही कापते आणि स्वतःही ठिकठिकाणी झिजते. अशी असमान झिजलेली तार बाराव्या पडद्यावर खरा सूर देऊच शकत नाही, मग घोडी कितीही मागेपुढे सरकवली तरी उपयोग नाही. मला ते पटले. मी नवा संच आणून दिला आणि त्यांनी बाराव्या पडद्यावर दाबलेला सूर व तेथलाच हलक्या स्पर्शाचा सूर जुळेपर्यंत प्रत्येक तारेची घोडी स्वतंत्रपणे सरकवली.

घोडीखाली सुटलेली गोष्ट म्हणजे अर्थिंगची तार होती. मांडवातील वीज बहुधा जनरेटरची असते, अर्थिंगचा पत्ता नसतो, आणि माझ्या वाद्यातून येणारी गुणगुण त्यामुळेच येते असे मी दोन वर्षे धरून चाललो होतो. वास्तविक तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी व्हायला हवी. माझी होत नव्हती, आणि हीच खूण होती. एका टाक्यात ते काम झाले.

माझ्या एका सोबत्याने मला विचारले की एवढ्या खर्चात थोडी भर घालून नवीनच वाद्य का घेतले नाही. तेव्हा मला बीटल्सचे पॉल मॅकार्टनी आठवले. त्यांनी १९६१ मध्ये हॅम्बुर्ग येथे सुमारे ३० पौंडांना घेतलेली व्हायोलिनच्या आकाराची हॉफनर बेस १९७२ मध्ये चोरीला गेली होती. त्यानंतर त्यांना जगातील कोणतीही बेस मिळू शकत होती, तरीही ती जुनी बेस शोधण्याची मोहीम निघाली आणि २०२४ मध्ये ती त्यांच्याकडे परत आल्याचे जाहीर झाले. माझे नाव त्यांच्या शेजारी घेण्याची माझी योग्यता नाही. परंतु ज्या वाद्यावर गाणी सुचली त्याच्या दांडीची जाडी, त्याच्या लाकडावर अंगठ्याने पाडलेली झीज आणि त्याचे खांद्यावरचे वजन या गोष्टी गाणे लिहिताना हाताला सवयीने हव्या असतात. माझ्या पहिल्या गाण्याची चाल याच दांडीवर, आंबा घाटात टेम्पो बंद पडला त्या रात्री बांधली गेली. केशवराव भोसले नाट्यगृहाला ८ ऑगस्ट २०२४ रोजी आग लागली. त्याआधी तेथील रंगमंचावर मी स्वतःची दोन गाणी गायलो, तीही याच वाद्यावर. ते बाजूला ठेवून नवे घ्यावे असे मला कधीही वाटले नाही.

आता उणिवा. पाच दिवसांत देतो असे सांगितलेले वाद्य मला अकराव्या दिवशी मिळाले आणि मधल्या दोन कार्यक्रमांसाठी मला दुसऱ्याची बेस मागून आणावी लागली. उशिराचे कारण खरे होते, कारण पडद्यांची योग्य रुंदीची तार बाहेरून मागवावी लागली, परंतु हे पहिल्याच दिवशी सांगता आले असते. दुकानात बेस तपासण्यासाठी असलेला स्पीकर अगदी लहान आहे. जाड तारेचा मोकळा सूर सेकंदाला ४१ कंपनांचा असतो आणि तो अशा स्पीकरमधून ऐकूच येत नाही, म्हणून शेवटची खात्री मला घरी येऊन करावी लागली. पावती मिळत नाही. ज्या वाद्यात बॅटरीवर चालणारे सर्किट आहे त्याचे आतील काम मामा स्वतः करीत नाहीत आणि तसे स्पष्ट सांगतात, तेव्हा अशा बिघाडासाठी तेथे जाऊ नये. तयार तारा, पट्टे, केबल यांपैकी काहीही विकत मिळत नाही.

खर्च एकूण ३,८०० रुपये आला, त्यात तीन पडदे, बाकीच्यांची समतल घासाई, दांडीचा बाक, तारगहनाची खाच, घोडीची जुळणी आणि अर्थिंगचा टाका हे सर्व होते. तारांचा संच माझा. साध्या जुळणीचे ते ८०० रुपये घेतात. हे दर मला अत्यंत वाजवी वाटले.

त्यानंतर आजवर चौदा कार्यक्रम झाले, त्यांतील तीन कोकणात आणि एक जतला. पाचवा पडदा स्वच्छ बोलतो, आणि त्या सुरावर थांबून पुढच्या ओळीकडे सरकत जाण्याची माझ्या गाण्यातील जागा पूर्वीपेक्षा अधिक भरीव वाटते, असे गायिकेनेही आपणहून सांगितले. एकदाच, पातळ तार सुरात लावताना तारगहनापाशी टिक असा आवाज येऊन सूर उडी मारू लागला, म्हणून मी पुन्हा गेलो. मामांनी खाच पेन्सिलीच्या शिसाने घासली, दोनदा तार वरखाली केली आणि पैसे घेतले नाहीत. जाताना तारेखालची फट पुन्हा मोजली आणि वहीत माझ्या नावापुढे तारखेसह लिहून ठेवली.

कोणाला जायचे असेल तर सकाळी अकरानंतर जावे. सोमवारी दुकान बंद असते. बोळात चारचाकी जात नाही, तेव्हा गाडी मुख्य रस्त्यावर लावावी. वाद्य नेताना त्यावर जुन्याच तारा असू द्याव्यात, कारण आपल्या हाताची झीज त्यांना त्या तारांवरून वाचता येते. नवा संच सोबत पिशवीत ठेवावा. श्रावण लागला की भजनी मंडळांच्या पेट्या आणि ढोलक्या तेथे छतापर्यंत रचलेल्या असतात, म्हणून गणेशोत्सवाच्या सुपाऱ्या घेतलेल्या वादकांनी आषाढातच वाद्य नेऊन द्यावे आणि परतीची तारीख वहीत लिहून घ्यावी.